ढिगाऱ्यावरची रांग

कोठे पूल कोसळतो, कोठे यात्रेत चेंगराचेंगरी होते, कोठे नदी गावात शिरते. आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक वाक्य हमखास छापून येते : ‘जमाव अनियंत्रित झाला.’ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या वाक्याविषयी मला फार जुना संशय आहे. ते कोण लिहितो, कोणाला विचारून लिहितो आणि त्यामुळे कोणाची जबाबदारी टळते, हे तपासल्याखेरीज ते स्वीकारू नये, असे माझे मत आहे.

जमाव म्हणजे बुद्धी गमावलेला प्राणी, ही समजूत शास्त्राच्या भाषेत मांडून लोकप्रिय केली ती फ्रान्समधील गुस्ताव ल बाँ याने, १८९५ साली. गर्दीत शिरलेला मनुष्य संस्कृतीच्या कित्येक पायऱ्या खाली उतरतो, असे त्याचे प्रतिपादन. १८७१ चा पॅरिसचा उठाव त्याने डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याची धास्ती त्याच्या लेखनात पानोपानी जाणवते. राज्यकर्त्यांना हा सिद्धान्त सोयीचाच होता. पुढे १९६३ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथे आपत्तींच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले. क्वारंटेली आणि त्यांचे सहकारी पूर, भूकंप, वादळ झालेल्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊ लागले, तेव्हा चित्र निराळेच निघाले. सैरावैरा घबराट क्वचित आढळली. पहिली सुटका बहुतेक ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच केलेली होती. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत बाँबस्फोट झाले. त्यातून वाचलेल्यांना जॉन ड्रुरी या मानसशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी बोलते केले, तेव्हा अंधारात, धुरात अनोळखी माणसांनी एकमेकांना धीर दिल्याच्याच आठवणी पुढे आल्या. ड्रुरींचा निष्कर्ष साधा आहे. समान संकट अनोळखी माणसांत ‘आपण’ ही जाणीव निर्माण करते आणि माणूस ‘आपल्या’ माणसाला टाकून पळत नाही.

मग दोष जमावावर का येतो? इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉलचे प्रेक्षक चेंगरले; मृतांची संख्या अखेरीस ९७ झाली. पोलिसांनी दारुड्या, बेशिस्त प्रेक्षकांकडे बोट दाखवले. वास्तविक त्याच प्रेक्षकांनी जाहिरातींच्या फळ्या उपटून त्यांच्या स्ट्रेचर केल्या होत्या. प्रेक्षकांचा दोष नव्हता, हे न्यायालयातील ज्यूरीने सांगायला २०१६ साल उजाडावे लागले. सत्तावीस वर्षे! आपल्याकडे २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ माणसे गेली. तेव्हाही पाऊस, अफवा आणि गर्दी यांचीच चर्चा अधिक झाली. पूल रुंद करण्याची मागणी जुनी होती, हे मागाहून आठवले गेले.

येथे थोडे विषयांतर करतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा समुदाय येतो, समता सैनिक दलाच्या स्वयंसेवकांच्या इशाऱ्यावर तासन् तास रांगेत उभा राहतो, अभिवादन करतो आणि पुस्तके घेऊन परततो. तरीही कैक वर्षे या समुदायाचा उल्लेख शहराला होणारा ‘त्रास’ म्हणूनच होत आला. कोणत्या गर्दीला भाविक म्हणायचे आणि कोणत्या गर्दीला उपद्रव, हे गर्दीच्या वागण्यावरून ठरत नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. त्यासाठी किल्लारीला जावे लागेल.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत धरणी हादरली. शासकीय आकड्यांनुसार सुमारे आठ हजार माणसे मेली. ती मारली भूकंपाने, त्याहून अधिक भिंतींनी. दगडमातीच्या दोन-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. सारे झोपलेल्या माणसांवर आले. मी तेव्हा औरंगाबादला एम. ए. करीत होतो. वसतिगृहातील आम्ही काही मुले तिसऱ्या दिवशी एका ट्रकमधून तिकडे पोहोचलो. पाऊस लागला होता. रस्ते बघ्यांच्या वाहनांनी तुंबले होते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. संकटात धावणारा प्रत्येक जण मदतीलाच धावतो असे नाही.

ज्या गावी आम्ही होतो त्याचे नाव लिहीत नाही. तेथे एक गोष्ट पाहिली ती तीस वर्षांत विसरलो नाही. वाडे आणि चिरेबंदी घरे भुईसपाट झाली होती. गावकुसाबाहेरची कुडाची, पत्र्याची खोपटी मात्र बरीचशी उभी होती. हलके छप्पर पडले तरी माणूस मरत नाही. गरिबीने वाचवले, असे म्हणावे लागते. त्यामुळे पहाटेच्या अंधारात पाटलाच्या वाड्याच्या ढिगाऱ्यावर पहिल्यांदा चढली ती आमच्या वस्तीतील माणसे. ज्या उंबऱ्याच्या आत त्यांच्या आजोबांनी पाऊल टाकले नव्हते, तो उंबरा त्यांनी हातांनी उकरला. आम्ही पोहोचलो तेव्हा रांग लागलेली होती. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात घमेली सरकत होती. त्या रांगेत मराठा होते, लिंगायत होते, मुसलमान होते, मातंग होते, बौद्ध होते. पाण्याची एकच कळशी होती आणि एकच तांब्या. एक म्हातारी प्रत्येकाला पाणी पाजत होती. तिने कोणाला काही विचारले नाही. आम्हीही सांगितले नाही.

त्याच मराठवाड्यात केवळ पंधरा वर्षांपूर्वी, २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत होताच जमाव निघाले होते. दलितांच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ज्या क्रूरतेने मारले, ते येथे लिहवत नाही. ल बाँच्या मताने हा जमाव वेडा झाला होता असे म्हणता येईल. मला ते मान्य नाही. जो जमाव नेमके कोणाचे घर जाळायचे आणि कोणाचे सोडायचे हे जाणतो, तो वेडा नसतो. ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण, हे त्याला पक्के ठाऊक होते. १९७८ च्या जमावातला ‘आपण’ आणि १९९३ च्या रांगेतला ‘आपण’ हे एकाच भूमीतले, कदाचित काही ठिकाणी एकाच घरातले. भूकंपाने भिंतींबरोबर ही सीमारेषाही काही काळ पाडली.

किती काळ? माझ्या पाहण्यातले सांगतो : साधारण पाच दिवस. नंतर मदतीचे ट्रक आले, याद्या आल्या, तंबू आले. याद्या वाड्यावस्तीनुसार झाल्या, कारण गावाची माहिती देणारी माणसे तीच जुनी होती. तंबूही वस्तीनुसार लागले. पाण्याचे टँकर आधी कोठे थांबायचे, हेही ठरून गेले. कोणी कोणाला शिवी दिली नाही, भांडण झाले नाही. मोठ्या शिस्तीने सारे पूर्ववत झाले.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसली. घरे भूकंपरोधक झाली. ते काम मोलाचे होते आणि त्याची नोंद कृतज्ञतेने घ्यावी. परंतु घराचे माप कशावर ठरले? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५०. अनेक ठिकाणी एका मापाची घरे एकत्र मांडली गेली. भूमिहीन कोण होते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. निसर्गाने सपाट केलेले गाव नकाशावर पुन्हा उतरंडीने रचले गेले, तेही इंजिनियरच्या पट्टीने.

हे केवळ किल्लारीचे नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील नागपट्टणम जिल्ह्यात दलितांना निवारा छावण्यांतून हुसकावल्याच्या, पाण्याच्या टाक्यांपासून दूर ठेवल्याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या आहेत. आणि किनाऱ्यावरची प्रेते उचलण्यासाठी इतर गावांहून सफाई कामगार आणले गेले. ते कोणत्या समाजाचे होते? आपत्तीतही तो व्यवसाय बदलला नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी बजावले होते की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता स्वाभाविक राहणार नाहीत, त्या राबवायला शिपाई लागेल. किल्लारीच्या रांगेत शिपाई नव्हता. म्हणजे बंधुता आमच्या माणसांच्या स्वभावात नाही, हा निराशेचा सूर खोटा आहे. ती आहे, तिला मुक्कामाला जागा नाही. व्यवस्था आली की ती उठून जाते. म्हणून आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रत्येक आराखड्याला मी एकच प्रश्न विचारतो : यादी कोण करणार, आणि ती गावात कोठे बसून करणार? चावडीवर बसून केलेली यादी आणि पुरातून वर आलेल्या शाळेच्या ओट्यावर बसून केलेली यादी सारखी नसते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपत्ती व्यवस्थापनाचा पाठ आहे. तो माझा विषय नव्हे, पण मागील वर्षी एका रजेवरील शिक्षकाचा तास मजकडे आला. मी पुस्तक बाजूस ठेवून ढिगाऱ्यावरच्या त्या रांगेची हकिकत सांगितली. वसतिगृहात राहणारी, एरवी फारशी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘सर, मग ती रांगेतली माणसं नंतर कुठं राहायला गेली?’’

मी फळ्यावर तीन आकडे लिहिले. २५०, ४००, ७५०. घंटा होईपर्यंत वर्ग त्यांवरच बोलत राहिला.