टॅक्स कापला त्यांनी, थकबाकीदार मी!

जुलै आला की आमच्या मुलुंडच्या घरात कागदांची पिशवी जमिनीवर उपडी होते. आईच्या एफडीचं व्याज, माझ्या मानधनाचे तुकडे, मेडिक्लेमची पावती (नव्या कर पद्धतीत तिचा उपयोग नाही, तरी टाकवत नाही). कागद जमवायचं दुःख नाही हो, सवय झालीय.

संताप वेगळाच आहे. एका ठिकाणी लेखनाचे पैसे मिळाले, १० टक्के टीडीएस कापूनच. पण फॉर्म २६एएसमध्ये ती रक्कम शोधून सापडेना. फोन केला तर "अकाउंट्सवाले बघतायत." फॉर्म १६ए मागितला तर "पुढच्या आठवड्यात." पैसा माझा, कापला त्यांनी, आणि पोर्टलवर बाकी दिसणार माझ्या नावावर!

१९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं, टॅक्स कापला गेला असेल तर तेवढी रक्कम त्या माणसाकडे पुन्हा मागायची नाही. पण पोर्टल कलम बघत नाही, २६एएस बघतं. मला रिटर्नला उशीर झाला तर १,००० ते ५,००० रुपये लगेच. सर्टिफिकेट अडवणाऱ्याला दिवसाला ५०० रुपये दंडाची तरतूद आहे म्हणे. झालेला कुणी पाहिलाय?

आता मानधनाचं पत्र, बिल आणि बँक स्टेटमेंट एकत्र लावून ठेवलंय. हातात किती आले, किती कापले, एवढं तरी दाखवता येईल. घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुणाचा टॅक्स असाच गायब असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. नाव न देता छापतो.