पोटगी बंद करू नका, बदलून घ्या!

पूर्णा तालुक्यात नवरा-बायकोच्या तंट्यांत मध्यस्थी करताना दोन तक्रारी आम्ही कायम ऐकतो. बाप म्हणतो, “काम सुटलं, आता कुठून देऊ?” आई म्हणते, “रक्कम ठरली तेव्हा लेकरू पाळण्यात होतं, आता शाळेत जातंय. त्यात कसं भागवू?” दोघेही खरेच बोलतात. पण बाप परस्पर पैसे थांबवतो, आई गप्प बसते आणि उपाशी राहते ते लेकरू.

कायद्याने दोघांनाही वाट दिली आहे. परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाले तर न्यायालय पोटगी कमी किंवा जास्त करू शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. अर्ज न करता पैसे थांबवले तर थकबाकी साचते आणि दर थकीत महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आईनेही थकीत रकमेच्या वसुलीचा अर्ज एका वर्षाच्या आत करायला हवा.

“मजुराने उत्पन्नाचे कागद कुठून आणायचे?” असे कार्यकर्तेच विचारतात. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयापासून सुरू झालेल्या ‘रजनेश विरुद्ध नेहा’ प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंना सक्तीचे केले. नोकरदाराचा लपवलेला पगार त्यातून उघडा पडतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना व रोजंदारी मजुरांना मात्र त्याच निकालाने या प्रतिज्ञापत्रातून सूट दिली आहे. वकिलाच्या फीची अडचणही खरी नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे आपल्या वस्तीतल्या बापालाही मिळतो.

आमचा खरा आक्षेप समाजाच्या बैठकांवर आहे. “एकरकमी घे आणि विषय मिटव” म्हणत स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. लेकराची पोटगी हा लेकराचा हक्क आहे. आईच्या सहीने तो संपत नाही, पंचांच्या सहीने तर नाहीच.

१९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हिंदू कोड बिल रखडल्याचे मोठे कारण होते. घरातला न्याय त्यांनी कधी किरकोळ मानला नाही. मित्रांनो, पुढच्या बैठकीत तडजोडीचा आकडा सांगण्याआधी त्या बापाला आणि त्या आईला विधी सेवा समितीकडे घेऊन जा.

जयभीम!