स्वस्त कुणाला?

“कॅमेरा काय गोळी झाडतो होय?” अमेरिकेतल्या आपल्या लेकीसुना मला विचारतात, हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या शेजाऱ्याला भेट म्हणून स्वस्तातला ट्रेल कॅमेरा बघत असतात. बायांनो, झाडाला बांधलेला तो डोळा अंगाची ऊब हलली की फोटो काढतो, काही तर तो मोबाईलवर धाडतात. हरीण पाण्यावर कधी येतं, हे शिकाऱ्याला घरबसल्या कळतं. मग मुक्या जिवाला उरलं काय? ॲरिझोनात शिकारीला परवानगी आहे. तरी तिथं २०२२ पासून शिकारीसाठी हे कॅमेरे बंद केले. आपल्याकडे तसल्याच कॅमेऱ्यानं वाघ मोजतात. म्हणजे दोष यंत्राचा नाही, हेतूचा. कृत, कारित, अनुमोदित हे आपण रोज घोकतो. मी म्हणते, वस्तू स्वस्तात मिळाली म्हणून अनुमोदनाही स्वस्त होते काय?