उसना शिक्का

सरकारी कागद आपण वाचत नाही, ओळखतो. वर तीन सिंह, खाली गोल शिक्का, कोपऱ्यात जावक क्रमांक. एवढ्यावर माणूस निमूट रांगेत उभा राहतो. शिकलेलाही. म्हणूनच प्रचारपत्रकावर राजमुद्रा छापली की उमेदवाराच्या विनंतीला हुकमाचा वास येतो.

कायदा याबाबत गप्प नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार निवडणुकीतल्या फायद्यासाठी राष्ट्रध्वज किंवा राष्ट्रचिन्ह वापरणे हे भ्रष्ट आचरण आहे. ते सिद्ध झाले तर निवड रद्द होते, सहा वर्षांपर्यंत अपात्रताही येऊ शकते. पण 'उमेदवार' कुणाला म्हणायचे? ज्याचा अर्ज दाखल झाला, त्याला. आधीचे चार-सहा महिने भावी आमदार घरोघर जे वाटत फिरतात, ते या कलमाच्या बाहेरच राहते. शिवाय याचिका करायची ती निकालानंतर ४५ दिवसांत. तोवर मत देऊन झालेले असते.

राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा वेगळा कायदा आहे. सरकारी असल्याचा भास होईल अशा रीतीने ती वापरण्यावर त्यात बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसत्या दंडावर भागले, तर निवडणुकीच्या खर्चात पाच हजारांचा हिशेब कोण ठेवतो?

उलट्या बाजूचा गैरवापर निदान डोळ्यांना दिसतो. २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात निवडणूक आयोगाने सरकारी पैशातून उभे राहिलेले हत्तींचे पुतळे झाकायला लावले, कारण हत्ती हे सत्ताधारी पक्षाचे चिन्ह होते. पुतळ्यावर कापड टाकता येते. घरात पोचलेल्या कागदावर काय टाकणार?

आणि आता तर मुद्रेचीही गरज उरलेली नाही. सर्वेक्षणाच्या नावाखाली भावी योजनांसाठी मतदारांची नोंदणी करणे थांबवा, असे आयोगाला २ मे २०२४ रोजी सर्व पक्षांना बजावावे लागले. मला हा प्रकार सिंह छापण्यापेक्षा घातक वाटतो. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, सही, फाडून दिलेली पावती: चिन्ह एकही नाही, रीत मात्र सगळी सरकारी. कलम लावायला बोट ठेवावे तरी कशावर? निकालानंतर ती पावती जपून घेऊन एखादी बाई तलाठ्याकडे जाईल. तो कागद उलटसुलट करून पाहील आणि म्हणेल, "बाई, हे आमचं नाही."