बर्फाविना गार चहा

वैशाख लागला की बीडच्या मोंढ्यात दुपारी एकच्या सुमारास सामसूम होते. पारा चाळिशी ओलांडतो, पोती उतरवणारे हमाल सावलीला बसतात आणि दुकानामागच्या घरांतून पाण्याचे तांबे पेढीवर येऊ लागतात. अशा वेळी वाफाळता चहा नकोसा वाटतो. चहाची तलफ मात्र सुटत नाही. त्यातच हे दिवस लग्नसराईचे. पुण्याहून, सुरतेहून, बंगळुरूहून पाहुणे आलेले असतात आणि त्यांच्या मुलांना शहरातील उपाहारगृहात मिळणारा ‘आइस टी’ चांगला परिचयाचा असतो.

मग घरातील सून उत्साहाने तयारीला लागते. उंच पेले, लिंबाची चकती, पुदिन्याचे पान आणि वर खळखळणारे बर्फाचे खडे. तबक बैठकीत फिरते. भिंतीला टेकून बसलेल्या दादी मात्र हसून हात जोडतात. ‘तुम्ही घ्या बाळांनो, मला बर्फाचे पच्चक्खाण आहे.’ त्यांच्यासाठी वेगळ्या तांब्यातून पाणी येते. कोणी काही बोलत नाही. ज्यांनी जन्मभर या घराची पंगत वाढली, त्या आज पंगतीच्या कडेला बसलेल्या असतात. सुनेलाही ते जाणवते आणि तिचा उत्साह ओसरतो.

दादींच्या नियमाला जुना आधार आहे. शास्त्रात सांगितलेल्या बावीस अभक्ष्यांत हिम आणि करा, म्हणजे बर्फ आणि गारा, यांची गणना होते. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव मानले जातात. मग त्याच पाण्याचा घट्ट गोळा केवळ जिभेच्या सुखासाठी का वापरावा, असा त्यामागील विचार आहे. हा नियम प्रत्येक घरात सारखा पाळला जात नाही. कोणी तो कायम पाळतात, कोणी पर्वतिथीला, तर कोणाला त्याचे नावही ठाऊक नसते. परंतु ज्या घरात एक जरी व्यक्ती तो पाळते, त्या घरात सर्वांना एकाच भांड्यातून देता येईल असे पेय करणे मुळीच अवघड नाही.

बर्फ आपल्याकडे तसा नवखाच आहे. १८३३ साली अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ भुशात बांधून जहाजाने कोलकात्याला उतरला, तेव्हा लोक तो पाहायला जमले होते. बर्फ घातलेला चहाही अमेरिकेतच रुळला. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात भारतीय चहाचा प्रचार करणाऱ्या रिचर्ड ब्लेचिंडेन यांनी, उकाड्यात गरम चहाला कोणी विचारीना म्हणून, तो गार करून वाटला, असे सांगतात. प्रत्यक्षात तिकडच्या पाककृतींच्या पुस्तकांत तो १८७० च्या दशकापासून आढळतो. ज्या देशात हिवाळ्यात तळी गोठतात, तेथे गारव्यासाठी बर्फ आठवणे स्वाभाविक होते. मराठवाड्यात मात्र गारवा मिळवण्याची रीत पूर्वीपासून वेगळी आहे: माठ, वाळा आणि ओले कापड.

या रीतीमागचे कारण सोपे आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ वेगाने होते आणि भांडे तितके अधिक गार पडते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. बीड, आष्टी, गेवराईच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र तोच माठ दात आंबतील असे पाणी देतो. चहा गार करण्यासही हीच युक्ती पुरते.

एक लिटर पाणी गाळून चांगले उकळावे. पक्के पाणी ठेवणाऱ्या घरात ते सकाळीच तयार असते. उन्हाळ्यात अशा पाण्याचा काळ पाच प्रहरांचा मानला जातो. ते पुन्हा तापवून, आच बंद केल्यावर त्यात चार लहान चमचे चहाची पत्ती घालावी व झाकण ठेवावे. लांब पानांचा चहा असेल तर चार मिनिटे, दाणेदार असेल तर दोनच मिनिटे पुरेत. नेहमीसारखा खळखळून उकळला तर गार झाल्यावर तो तुरट लागतो. स्वच्छ कापडातून गाळून, गरम असतानाच पाच मोठे चमचे साखर किंवा कुटलेली खडीसाखर विरघळवावी. गार चहात साखर तळाशी बसते. बर्फ वितळून चहा पातळ होण्याची शक्यता येथे नसल्याने पत्ती वाढवण्याची गरज नाही.

आता हा चहा रुंद परातीत ओतून वर पातळ कापड बांधावे. पक्के पाणी याच रीतीने गार करण्याची सवय अनेक घरांत आहे. अर्ध्या-पाऊण तासात तो कोमट होतो. मग झाकणाच्या स्टीलच्या बरणीत भरावा. बरणीभोवती सुती कापड गुंडाळून ती दोन बोटे पाणी असलेल्या थाळीत, वारा येणाऱ्या खिडकीत सावलीला ठेवावी. कापडाची टोके पाण्यात बुडालेली असली की कापड आपोआप ओले राहते. थाळीतले पाणीही गाळलेलेच असावे आणि उरलेले कुंडीतील झाडाला घालावे. टँकरची वाट पाहिलेल्या या जिल्ह्यात ते वेगळे सांगायला नको. दोन-तीन तासांत चहा घशाला सुखद वाटेल इतका गार होतो. ज्यांना फ्रीज चालतो त्यांनी नंतर बरणी तासभर खालच्या कप्प्यात ठेवावी. गरम चहा एकदम थंड केला तर तो गढूळ दिसतो, कारण त्यातील तुरट द्रव्ये आणि कॅफिन एकत्र येऊन गोठल्यासारखी होतात. बोअरच्या जड पाण्यानेही चहावर साय धरते. निलगिरीचा चहा गार झाल्यावरही बहुधा नितळ राहतो.

लिंबू वाढतेवेळीच पिळावे. लिटरला दोन पुरतात. मध घालण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो, पण मध महाविगईत मोडतो. आले कंदमूळ असल्याने सुंठीची चिमूट घालावी. अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत हिरवा भाजीपाला वर्ज्य असतो. तेथे पुदिना आणि गवती चहाही बाजूला राहतात. त्यांच्या जागी ठेचलेली वेलची किंवा बडीशेप पत्तीबरोबरच घालावी. रात्रभर कच्च्या पाण्यात पत्ती भिजवण्याची नवी पद्धत मात्र आपल्या घरांना जुळत नाही. तेथे पाणी उकळत नाही आणि रात्रही मध्ये येते. सकाळी केलेला चहा सूर्यास्तापूर्वी संपवावा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

बाजारच्या बर्फाचा मोह टाळण्यास आणखीही एक कारण आहे. कारखान्यातील सगळाच बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. म्हणूनच खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम २०१८ पासून महाराष्ट्रात लागू झाला. लग्नाच्या मांडवात पिंपभर सरबतात पडणारी लादी कोणती, हे पाहुण्याला कळत नाही; यजमानाने ते पाहिले पाहिजे.

चारच्या सुमारास पेढी पुन्हा गजबजते. खिडकीतली बरणी उतरवून सून पेले भरते. तबक आधी दादींपुढे जाते. त्या सवयीने हात जोडू लागतात, तेव्हा नातू सांगतो, ‘दादी, यात बर्फ नाही.’ दादी पेला उचलतात, एक घोट घेतात आणि विचारतात, ‘मोंढ्यात हमालांना दिला का?’ बरणीत अजून अर्धा चहा असतो. तो घेऊन नातू दुकानाकडे निघतो.