विश्लेषण : फ्लूची लस जिनिंगच्या फाटकापर्यंत का जायला हवी?

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या अनेक मोठ्या कंपन्यांत फ्लूच्या लशीची शिबिरे लागतात. कर्मचारी जागेवरून उठतो, सुई घेतो आणि थोड्या वेळाने पुन्हा कामाला बसतो. जामनेर तालुक्यातल्या पहूर पट्ट्यात कापसाच्या जिनिंगमध्ये रोजंदारीवर राबणाऱ्याला मात्र तीच लस घ्यायची तर दिवसाची मजुरी बुडवावी लागते, वर पैसेही मोजावे लागतात. ज्याला पगारी रजा आहे त्याच्याकडे लस चालत येते आणि ज्याला ती नाही त्याने लशीकडे चालत जायचे, असा हा उलटा न्याय आहे.

फ्लू म्हणजे साधी सर्दीच ना?

बहुतेकांसाठी तो आठवडाभराचा ताप आणि अंगदुखी असते. पण गर्भवती, वयस्कर, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. २००९ मध्ये ‘स्वाइन फ्लू’ने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. ती महासाथ संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर केले. विषाणू मात्र गेला नाही. एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच भाग आहे. २०१७ या एकाच वर्षात महाराष्ट्रात त्याचे सहा हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि ७७० हून अधिक जण दगावले.

जिनिंग कामगारांचाच प्रश्न वेगळा का?

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत, दरमहा २१ हजारांपर्यंत वेतन असलेल्यांना राज्य कामगार विमा योजनेचे (ईएसआय) संरक्षण मिळते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन ही त्यातली मोठी सोय. पण ‘हंगामी कारखाने’ या योजनेतून वगळलेले आहेत, आणि कायद्याने हंगामी ठरवलेल्या उद्योगांत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग स्पष्टपणे येते. म्हणजे गठाणी बांधणाऱ्या मजुराला ताप आला तर रोज बुडतो, भरपाई कुठूनच नाही. मग तो अंगात ताप घेऊनच कामावर येतो आणि शेजारच्या चौघांना आजार देतो. त्यात रुईच्या धुळीने खोकला नेहमीचाच, त्यामुळे फ्लूचा खोकला लवकर ओळखूही येत नाही.

लस किती उपयोगी आहे?

लस म्हणजे कवच-कुंडले नव्हेत. पसरलेल्या विषाणूशी लस जुळली, तर आजारी पडण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. लस घेऊनही फ्लू झालाच तर तो गंभीर होण्याची शक्यता घटते. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. विषाणू रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लशीतले घटक सुचवते. त्यामुळे सुई दरवर्षी घ्यावी लागते. टोचून देण्याच्या नेहमीच्या लशीत जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणे, एखाद-दोन दिवस कणकण येणे हे होते, पण लशीमुळे फ्लू होत नाही.

शिबिर केव्हा घ्यावे?

देशाच्या बहुतांश भागात फ्लूच्या दोन लाटा येतात, एक पावसाळ्यात आणि दुसरी जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून एप्रिल-मे हा लशीचा योग्य काळ मानला जातो. पण तोवर जिनिंगचा हंगाम ओसरलेला असतो आणि मजूर पांगलेले असतात. शहरातले वेळापत्रक इथे जसेच्या तसे लावले, तर फाटकावर लस येईल आणि घ्यायला माणूस नसेल. हंगामी मजुरांसाठी दिवाळीच्या आसपास, जिनिंग सुरू होतानाच शिबिर घेतले तर हिवाळ्यातली लाट गाठता येईल. बाजार समिती, शाळा, एसटी आणि दवाखान्यातले कर्मचारी वर्षभर गावातच असतात. त्यांच्यासाठी मे महिना ठीक. त्या वेळी लशीची कोणती आवृत्ती वापरायची, ते आरोग्य विभागाने ठरवावे.

खर्च कोणी करायचा?

फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. खासगी दवाखान्यात एका डोसला हजार-दीड हजार रुपये सहज जातात. रोजगार हमीचा राज्यातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. म्हणजे एका सुईला चार-पाच दिवसांची कमाई. मात्र गर्भवती, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ही लस मोफत व ऐच्छिक देण्याचे धोरण राज्याने २०१५ मध्येच स्वीकारले. हे मोफत डोस आधी फाटकावर पोहोचवावेत. उरलेल्यांचा भार मालकांनी उचलावा. एकट्या लहान जिनिंगला परवडत नसेल, तर चार-पाच जणांनी मिळून एकच शिबिर घ्यावे.

एवढी व्यवस्था गावपातळीवर जमेल का?

जमते, हे करोनाकाळात दिसले. केंद्राने ११ एप्रिल २०२१ पासून सुमारे १०० पात्र लाभार्थी असलेल्या कामाच्या ठिकाणी लसीकरणाला परवानगी दिली होती. तीच पद्धत पुन्हा वापरायची आहे. फक्त काही पथ्ये पाळावी लागतील. लस २ ते ८ अंश तापमानातच राहिली पाहिजे. खान्देशच्या मे महिन्यातल्या उन्हात आणि वीज गेल्यावर ही शीतसाखळी तुटू देता कामा नये. डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका आणि तीव्र ॲलर्जीवरचे औषध जागेवर हवे. सुईनंतर अर्धा तास बसवून ठेवावे. अंगात जास्त ताप असेल तर लस पुढे ढकलावी, आणि आधीच्या लशीची तीव्र ॲलर्जी आलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

मालकांचा आक्षेप काय, उत्तर काय?

‘मजूर आज इथे, उद्या दुसरीकडे, त्याच्यावर खर्च का करायचा?’ हा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण ऐन हंगामात टोळीतले निम्मे लोक तापाने पडले तर यंत्र थांबते आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या राहतात, ते नुकसान मालकाचेच असते.

मजुरांच्या बाजूनेही तीन गोष्टी लेखी ठरायला हव्यात. शिबिराच्या वेळेची मजुरी कापायची नाही. दुसऱ्या दिवशी कणकण आली तर हजेरी मांडायची. आणि लस नाकारली म्हणून कोणाला कामावरून काढायचे नाही. कोणाला मधुमेह आहे, कोण गरोदर आहे हे मुकादमासमोर न विचारता आडोशाला विचारावे.

पुढचा जिनिंग हंगाम सुरू होण्याआधी तालुका आरोग्य अधिकारी, ग्रामीण रुग्णालय आणि जिनिंगमालक यांनी एकदा एकत्र बसून तारीख ठरवली, तर यातले बहुतेक काम मार्गी लागेल. ज्याचा रोज बुडतो त्याच्यापर्यंत लस आधी पोहोचावी, एवढाच निकष त्या बैठकीत पाळला गेला पाहिजे.