नकारावर सही हवी

शिष्यवृत्तीचे अर्ज तपासायला संगणक लावू नका, असे आज कोणी म्हणणार नाही. राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये पडून राहतो, मग समाजकल्याणच्या किंवा त्या त्या खात्याच्या टेबलावर जातो, त्रुटी निघाली की परत येतो. वर्ष संपत आले तरी दुसरा हप्ता न आलेली मुले प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. तोवर कॉलेज शुल्कासाठी तगादा लावते आणि घरचे व्याजाने पैसे काढतात. दाखला खरा आहे का, उत्पन्न मर्यादेत आहे का, मागच्या वर्षीचा निकाल काय, हे कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत पाहू शकत असेल, तर ती आणलीच पाहिजे. आमचा आग्रह एवढाच, की ‘मंजूर’ म्हणण्याचे काम यंत्राला खुशाल द्यावे, ‘नामंजूर’ म्हणण्याचे देऊ नये.

हा आग्रह कशासाठी, ते नेदरलँड्सकडे पाहिले की कळते. तिथे विद्यार्थी अर्थसाहाय्य ‘डुओ’ ही सरकारी संस्था सांभाळते. आईवडिलांपासून वेगळे राहणाऱ्या विद्यार्थ्याला जादा अनुदान मिळे. खोटा पत्ता देऊन ते उचलणारे शोधण्यासाठी संस्थेने 2012पासून संगणकी गुणांकन वापरले. निकष तीनच होते: शिक्षणाचा प्रकार, वय आणि आईवडिलांच्या घरापासूनचे अंतर. व्यवसाय शिक्षण घेणारा, वयाने लहान, घराजवळच खोली घेतलेला विद्यार्थी अधिक संशयास्पद ठरे आणि त्याच्या दारात तपासनीस उभे राहत. वंश, धर्म, मूळ देश यांपैकी काहीही यंत्राला सांगितलेले नव्हते. तरीही तपासणीत सापडली ती मोठ्या प्रमाणावर स्थलांतरित घरांतली मुले, कारण या तिन्ही निकषांत बसणारी मुले त्याच घरांत अधिक होती. 2023मध्ये पत्रकारांनी हे उघड केले. मार्च 2024मध्ये शिक्षणमंत्री रॉबर्ट डाइकग्राफ यांनी माफी मागितली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 10,000हून अधिक विद्यार्थ्यांसाठी सुमारे 6 कोटी 10 लाख युरोंची भरपाई जाहीर झाली. श्रीमंत देश, सक्षम प्रशासन, कडक माहिती-संरक्षण कायदा, आणि तरीही दुरुस्तीला दशकभर लागले. अन्याय झालेल्या मुलांची त्या वर्षांतली अडचण भरपाईने पुसली जात नाही.

आपल्याकडे असे आडवळणाचे निकष शोधायलाही नकोत, ते कागदपत्रांतच आहेत. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. लग्न झालेल्या विद्यार्थिनीची कागदपत्रे दोन नावांची. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचा मुक्काम वर्षातले काही महिने कारखान्याच्या परिसरात. गावातल्या अनेक मुलांचे अर्ज एकाच सायबर कॅफेत, कधी एकाच मोबाइल क्रमांकावरून भरलेले. हे सगळे यंत्राच्या नजरेला विसंगत दिसणार, आणि ज्यांना शिष्यवृत्तीची गरज सर्वाधिक, त्यांच्याच अर्जांवर लाल खूण उमटणार. उलट शहरातल्या, इंग्रजीत स्पेलिंग एकसारखे ठेवणाऱ्या, स्वतःचा लॅपटॉप असलेल्या घरातला अर्ज सुळकन पुढे जाणार.

संशयच घ्यायचा तर तो योग्य दिशेने घ्यावा. शिष्यवृत्तीत मोठी लूट करायला एकटा विद्यार्थी पुरत नाही. हिमाचल प्रदेशातला, सीबीआयकडे तपास गेलेला, अडीचशे कोटींच्या घरातला शिष्यवृत्ती घोटाळा खासगी शिक्षणसंस्थांचे संचालक आणि सरकारी कर्मचारी यांच्याभोवती फिरतो. एका संस्थेत अचानक फुगलेली पटसंख्या, परीक्षेलाच न बसलेले लाभार्थी, एकाच शाखेत उघडलेली शेकडो खाती हे शोधण्यात यंत्र माणसापेक्षा खरोखर सरस आहे. तिथे ते पूर्ण ताकदीने वापरा.

नव्या संगणकी व्यवस्थेमागे पुरेशी माणसे नसली की काय होते, तेही दिसले आहे. अमेरिकेत विद्यार्थी अर्थसाहाय्याचा नवा, ‘सोपा’ केलेला अर्ज तीन महिने उशिरा, 2023च्या डिसेंबरअखेर सुरू झाला. पालकांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेली मुले अर्जातच अडकली. पहिल्या पाच महिन्यांत मदतकेंद्राला सुमारे 54 लाख फोन आले. त्यातले 40 लाख कोणी उचललेच नाहीत, असे तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले. मुळात फोन उचलायला पुरेशी माणसेच नेमलेली नव्हती. आपल्याकडे मदतकेंद्राची ही भूमिका कॉलेजातला शिष्यवृत्ती विभागाचा लिपिक निभावतो. अर्ज कुठे अडला, कोणता दाखला चालेल, हे त्याला ठाऊक असते. तपासणीचे यांत्रिक ओझे उतरले की त्याचा वेळ विद्यार्थ्यांशी बोलण्यात जावा. त्याचे पद रद्द करण्यात नव्हे.

केंद्राच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, केवळ यंत्राने घेतलेल्या निर्णयाविरुद्ध नागरिकाला स्वतंत्र हक्क दिलेला नाही. महाराष्ट्राकडे मात्र एक चांगला आधार आहे. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यानुसार अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळताना अधिकाऱ्याने लेखी कारणे नोंदवायची असतात आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचे हे अर्जदाराला कळवायचे असते. हीच पद्धत शिष्यवृत्तीच्या प्रत्येक नकाराला, आणि ‘त्रुटी’ म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक अर्जालाही, लागू करावी. कारण मराठीत लिहिलेले असावे, खाली अधिकाऱ्याचे नाव आणि सही असावी. यंत्राला कोणते निकष दिले ते प्रवेश सुरू होण्यापूर्वी जाहीर व्हावेत. कोणत्या जिल्ह्यातले, कोणत्या प्रवर्गातले, मुलींचे किती अर्ज यंत्राने बाजूला काढले, याचे आकडे दरवर्षी विधिमंडळासमोर यावेत. नामसाधर्म्य किंवा नावाच्या क्रमावरून कोणाचाही हप्ता थांबू नये.

आणि यंत्राला पहिले काम द्यायचेच असेल तर ते अर्जच न केलेल्यांचे द्यावे. उत्पन्नाचा दाखला महसूल खात्याने दिलेला, व्यावसायिक अभ्यासक्रमांचा प्रवेश सीईटी कक्षाने दिलेला, गुण मंडळाने दिलेले. ही माहिती विद्यार्थ्याच्या संमतीने जोडली, तर पात्र असूनही यादीत नसलेली मुले कोण, हे सरकारला मुदत संपण्यापूर्वीच कळेल. त्यांच्या कॉलेजला तसे कळवून लिपिकाने त्यांना बोलावून घ्यावे, आणि याची सुरुवात येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशांपासून व्हावी.